मुलाला लाल-हिरवे ओळखता येते ना?

लखनौच्या एखाद्या शाळेतला नववीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. वर्गात चाळीस मुलगे असतील, तर त्यांतल्या एका-दोघांना लाल आणि हिरवा हे रंग इतरांसारखे दिसत नसतात. गंमत म्हणजे हे त्या मुलांना ठाऊक नसते, शिक्षकांना ठाऊक नसते आणि घरी आई-वडिलांनाही ठाऊक नसते. मुलगा क्रिकेट खेळतो, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवरून पतंग उडवतो, शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे अक्षर वाचतो. चष्मा नाही, डोळे दुखत नाहीत. मग डोळ्यांत काही उणे आहे अशी शंका कोणाला यावी?

शंका येते ती फार उशिरा. लेखी परीक्षा झालेली असते, निकाल लागलेला असतो, शेजारीपाजारी पेढे वाटून झालेले असतात. मग वैद्यकीय तपासणीत डॉक्टर ठिपक्यांचे एक पुस्तक उघडतात आणि विचारतात, ‘‘हा आकडा कोणता?’’ मुलगा पाहतच राहतो. त्याला ठिपके दिसतात, आकडा दिसत नाही.

लखनौचे उदाहरण मुद्दाम

लखनौ म्हटले की मराठी वाचकाला चिकनचे कुडते, मलिहाबादचे दशहरी आंबे आणि पंडित भातखंड्यांनी १९२६ मध्ये तिथे सुरू केलेले संगीत महाविद्यालय आठवते. पण या शहराची दुसरीही एक ओळख आहे. उत्तर रेल्वे आणि पूर्वोत्तर रेल्वे अशा दोन रेल्वेंच्या विभागीय कचेऱ्या इथे आहेत. चारबागला इंजिनांचा आणि आलमबागला डब्यांचा कारखाना आहे. रेल्वेची देशभरची मानके ठरवणारी आर. डी. एस. ओ. ही संस्था १९५७ पासून मानकनगरला आहे. छावणीत सैन्याच्या मध्य कमांडचे मुख्यालय आहे. देशातली पहिली सैनिक शाळाही इथलीच, १९६० सालची. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये प्राणार्पण करून परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले कॅप्टन मनोजकुमार पांडे याच शाळेत शिकले. आज शाळेला त्यांचेच नाव आहे.

अशा शहरात वाढणाऱ्या मुलाने इंजिन चालवायचे किंवा गणवेश घालायचे स्वप्न पाहिले तर नवल काय! आपल्याकडे भुसावळ, मिरज, सातारा, कोल्हापूरकडच्या घरांतही हेच चित्र दिसेल. मुलगा दहावीला गेला की क्लास लागतो, वडील कर्ज काढतात, आई पहाटे उठून डबा करते. एन. डी. ए.साठी आधी लेखी परीक्षा, मग निवड मंडळाच्या मुलाखती आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीतही परीक्षांचे टप्पे पार केल्यावरच अंतिम वैद्यकीय तपासणी असते. म्हणजे ज्या गोष्टीचा निकाल पाच मिनिटांत लागू शकतो, तिचा निकाल घरातले तीन-चार वर्षांचे कष्ट आणि पैसा खर्ची पडल्यावर लागतो.

किती मुलांत आढळतो?

युरोपीय वंशाच्या लोकांत शंभर पुरुषांमागे सुमारे आठ जणांना लाल-हिरव्याचा हा घोटाळा असतो. भारतात शाळा-कॉलेजांतून झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांत मुलग्यांमधले प्रमाण बहुधा शेकडा दोन ते पाचच्या दरम्यान आढळते. प्रदेश आणि जमातीनुसार ते कमी-जास्त होते. हजार मुलग्यांच्या शाळेत असे वीस ते पन्नास विद्यार्थी असू शकतात. मुलींत मात्र हजारात एखाद-दुसरीच.

हा दोष वयात येताना होत नाही. तो जन्मापासूनच असतो, वाढत नाही आणि कमीही होत नाही. पौगंडावस्थेत तो फक्त उघडकीस येतो, कारण रंगाची परीक्षा घेणारे पहिले दार याच वयात समोर येते.

‘रंगांधळा’ हा शब्दही थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, याला सगळे जग जुन्या सिनेमासारखे काळे-पांढरे दिसत असेल. तसे नसते. सगळेच रंग न दिसणारा माणूस तीस हजारांत एखादा असतो. बाकीच्यांना निळे आकाश निळेच दिसते, हळद पिवळीच दिसते. गोंधळ होतो तो लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी या कुटुंबात. त्यातही बहुतेकांत हिरव्याची जाण पूर्ण गेलेली नसते, थोडी कमी पडलेली असते.

दोष कुठे असतो?

डोळ्याच्या आतल्या पडद्यात रंग टिपणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्या तीन प्रकारच्या. ढोबळमानाने एक लाल, दुसरी हिरवा आणि तिसरी निळा प्रकाश टिपते. तिघींकडून आलेल्या खबरींची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. यांतली लाल किंवा हिरवी पेशी नसली, अथवा तिचे काम दुसरीच्या फार जवळ सरकले, की दोन रंगांतला फरक पुसट होतो.

हा शोध लागायला मोठा काळ जावा लागला. अणूचा सिद्धांत मांडणारे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन स्वतः रंगांधळे होते. जिरेनियमचे गुलाबी फूल त्यांना दिवसा निळे आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसे. त्यांच्या भावालाही तसेच दिसे. १७९४ मध्ये वयाच्या २८व्या वर्षी त्यांनी यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा असे त्यांना वाटत होते. म्हणून मृत्यूनंतर डोळे तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ मध्ये ते वारले. डॉक्टरांनी पाहिले तर द्रव स्वच्छ होता! त्यांच्या डोळ्याचा जपून ठेवलेला अंश १९९५ मध्ये पुन्हा तपासला गेला आणि जनुकाच्या परीक्षेतून कळले की डाल्टनना हिरवी पेशी नव्हती. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाला स्वतःचा दोष तरुणपणी उमगला, मग चौदा वर्षांच्या पोराला तो आपणहून कसा कळावा? जे कधी वेगळे दिसलेच नाही, त्याची उणीव जाणवत नाही.

आईला बोल लावू नका

आता घरातल्या सर्वांत नाजूक गोष्टीकडे येऊ. डॉक्टर सांगतात, ‘‘हा दोष आईकडून येतो.’’ एवढे एकच वाक्य घेऊन मंडळी घरी परततात आणि मग सासूबाई म्हणतात, ‘‘आमच्या घराण्यात असले कधी नव्हते हो.’’ सून मान खाली घालते. मुलाची नोकरी गेल्याचे दुःख तिलाही असते. त्यावर हा ठपका.

म्हणून हे गणित नीट समजून घ्या. लाल आणि हिरव्या पेशींची जनुके एक्स नावाच्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. दोन्ही इतकी सारखी असतात की पिढी बदलताना त्यांच्या अदलाबदलीत गफलत होऊ शकते. स्त्रीजवळ दोन एक्स असतात. एकात दोष असला तरी दुसरे काम भागवते. तिला सगळे रंग दिसतात आणि आपण दोष वाहून नेत आहोत याची तिला कल्पनाही नसते. मुलग्याजवळ एक्स एकच असते आणि ते आईकडूनच येते. वडील त्याला वाय देतात. त्यामुळे दोष असलेले एक्स मुलग्याच्या वाट्याला आले, तर त्याला सांभाळून घेणारे दुसरे नसते.

आईच्या एका एक्समध्ये दोष असेल तर प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. थोरल्याला आहे म्हणून धाकटा सुटला असे नाही, आणि थोरल्याला नाही म्हणून धाकट्याला असणारच असेही नाही. वडील रंगांधळे असले आणि आईचे दोन्ही एक्स चांगले असले, तर मुलगे पूर्ण सुटतात. मुली मात्र सगळ्या वाहक होतात. म्हणजे आजोबांचा दोष लेकीकडून नातवाकडे जातो, मधली पिढी कोरी दिसते. मुलाच्या आजोळी, त्याच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना रंगांचा घोटाळा होतो का, हे विचारायचे ते याच कारणासाठी. दोष काढण्यासाठी नव्हे, मुलाची तपासणी लवकर करण्यासाठी.

आणखी एक हिशेब पाहा. पुरुषांत हे प्रमाण शेकडा चार धरले, तर वाहक स्त्रिया शेकडा सात-आठ निघतात. जी सासू सुनेला टोमणा मारते ती स्वतः वाहक नसेलच, हे कोण सांगणार? आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, मुलगा टीव्ही किती पाहतो, यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. मुलगी स्वतः रंगांधळी असायला मात्र दोन्हीकडून दोष यावा लागतो. म्हणून मुलींत हे विरळा.

रेल्वे इतकी कडक का?

‘‘रस्त्यावरचा सिग्नल तर त्याला कळतो,’’ असे पालक सांगतात. खरे आहे. रस्त्यावर लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, त्यामुळे मुलगा रंग न पाहता जागा पाहून थांबतो. पण रात्री धुक्यात धावणाऱ्या गाडीच्या चालकाला लांबवर एक बारीक ठिपका दिसतो. वरचा दिवा की खालचा, हे कळायला वाव नसतो. हिवाळ्यात लखनौकडच्या मार्गांवर काय धुके पडते ते ज्यांनी तिकडचा प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. अशा वेळी रंग हीच एकमेव खूण उरते आणि चालकाच्या मागे शेकडो माणसे झोपलेली असतात.

१८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेर्लुंडा येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन नऊ जण दगावले. होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकांनी या अपघातामागे रंगांधळेपणा असावा असा मुद्दा मांडला आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची परीक्षा घेण्याची पद्धत आणली. त्या अपघाताचे खरे कारण काय, याविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतली. पण रेल्वेतली रंगपरीक्षा तेव्हापासून जगभर रुजली. आपल्या रेल्वेतही चालकासाठी ‘ए-वन’ हा सर्वांत कडक वर्ग आहे. कचेरीतल्या कारकुनी कामांना तशी अट नाही. सैन्यातही सगळ्या शाखांना एकच माप नाही. विमान चालवायचे तर सर्वांत कडक, इतर काही कामांना त्याहून सौम्य. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून जाहिरातीतला वैद्यकीय पात्रतेचा भाग अर्ज भरण्याआधी वाचा, नंतर नव्हे.

घरात दिसणाऱ्या खुणा

लहानपणी मुलगा झाडाची पाने तपकिरी रंगवतो. केळे किंवा आंबा पिवळा झाला की हिरवाच आहे, हे त्याला हातात घेऊन, दाबून ठरवावे लागते. हिरव्या गवतात पडलेला लाल चेंडू सगळ्यांत उशिरा त्याला सापडतो. मोबाईल चार्ज झाला की नाही, हे त्या छोट्या दिव्यावरून त्याला सांगता येत नाही. मोजे वेगवेगळ्या रंगांचे घालून तो शाळेत जातो. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेले त्याला वाचता येत नाही आणि लक्ष नाही म्हणून तो ओरडा खातो.

अकरावी-बारावीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर त्याची तारांबळच उडते. ज्योतीची किरमिजी छटा कोणती आणि पोपटी कोणती, द्रावणाने रंग बदलला तो नेमक्या कोणत्या थेंबाला, हे तो शेजाऱ्याला पाहून लिहितो. गुरुजींना ती कॉपी वाटते. यांतली एखादी गोष्ट कधीतरी घडली तर घाबरू नका. पण तीन-चार जुळत असतील तर तपासणी टाळू नका.

पाच मिनिटांची तपासणी

टोकियोचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये ठिपक्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी पहिली चाचणी म्हणून तेच वापरले जातात. पहिल्या तक्त्यावरचे १२ सगळ्यांनाच दिसतात, कारण तो फक्त समजावून सांगण्यासाठी असतो. पुढच्या तक्त्यांत रंगांधळ्याला काही ठिकाणी वेगळाच आकडा दिसतो, काही ठिकाणी काहीच दिसत नाही. आकडे न येणाऱ्या लहान मुलासाठी नागमोडी वाट बोटाने गिरवायचे तक्तेही असतात.

लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा नेत्रविभाग असो की आपल्याकडचे सरकारी रुग्णालय वा गावातला नेत्रतज्ज्ञ, ही तपासणी सहज होते. ती दिवसाच्या चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून करावी. मोबाईलच्या पडद्यावर पाहून निकाल लावू नये, कारण पडद्याचे रंग खरे नसतात. दोष सापडला तर तो सौम्य की तीव्र, हे ठरवायला कंदिलासारख्या पुढच्या चाचण्या असतात. शाळेच्या तपासणीत ‘डोळे उत्तम’ असा शेरा मिळाला म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे बहुधा अक्षरे वाचून घेतात. रंग दाखवला होता का, ते मुलालाच विचारा.

एक सावधगिरी मात्र हवी. आधी नीट दिसणारे रंग मोठेपणी फिके वाटू लागले, किंवा एकाच डोळ्याने वेगळे दिसू लागले, तर तो जन्मजात दोष नव्हे. क्षयावरच्या एथॅम्ब्युटॉल या औषधाने काही वेळा असे होते. मनाने औषध बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

‘गॅरंटी’च्या नादी लागू नका

निकाल हाती आला की घरात धावपळ सुरू होते. कोणी डोळ्यांत घालायचे थेंब सुचवतो, कोणी ग्रहशांती सांगतो, कोणी ‘तक्ते पाठ करून देतो’ म्हणून पैसे मागतो. यांतल्या एकाचाही उपयोग नाही. तक्ते पाठ करून मुलगा आत गेलाच, तरी कंदिलाची परीक्षा पाठ करता येत नाही. आणि खरोखरच गेला, तर त्याच्या मागे झोपलेल्या प्रवाशांचे काय?

रंगीत काचांच्या चष्म्याने काहींना छटांतला फरक थोडा ठळक दिसतो. पण नजर निर्दोष होत नाही आणि भरतीच्या तपासणीत तो चालत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी माकडांच्या डोळ्यांत जनुक सोडून त्यांना लाल-हिरव्यातला फरक ओळखायला लावले. आशा वाटावी असे हे काम आहे. पण माणसाच्या जन्मजात लाल-हिरव्या दोषावर आजमितीला औषध वा शस्त्रक्रिया नाही.

किती दारे उघडी आहेत!

बंद दारे मोजकी आहेत, उघडी अनेक. त्यातली काही अलीकडे उघडली आहेत. रंगांधळेपणामुळे वैद्यकीय प्रवेश नाकारलेल्या त्रिपुरातील विद्यार्थ्यांच्या बाजूने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील संकलनाच्या प्रवेशाचा प्रश्न याच न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये तिथले सर्व अभ्यासक्रम रंगांधळ्या उमेदवारांना खुले ठेवण्यास सांगण्यात आले. वाहन परवान्याच्या नियमांत केंद्र सरकारने जून २०२० मध्ये बदल करून सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांची वाट मोकळी केली. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत रंगांधळेपणाचे नाव नाही. त्यामुळे त्या सवलतींवर भिस्त ठेवू नये.

वकिली, हिशेबनिशी, अध्यापन, बँक, शेती, संगणक, संशोधन, व्यापार ही सगळी क्षेत्रे या मुलासाठी जशीच्या तशी आहेत. डाल्टन मोठे झाले ते रसायनशास्त्रात, जिथे रंग पदोपदी भेटतात.

मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की एकदा रंगांची तपासणी करून घ्या. मामाला किंवा आजोबांना घोटाळा होत असेल तर त्याआधीच. दोष निघाला तर मुलाला सरळ शब्दांत सांगा, त्याच्या वर्गशिक्षकांना सांगा, प्रयोगशाळेत सोबत्याची मदत घेण्याची परवानगी मागा. त्याची थट्टा म्हणून पाहुण्यांसमोर ‘हा रंग कोणता, तो कोणता’ असा खेळ मांडू नका. बारा वर्षांच्या मुलाला ‘इंजिन नको, दुसरे काही पाहू’ असे सांगितले, तर तो चार दिवस रुसेल आणि पाचव्या दिवशी नवे स्वप्न पाहील. तेच अठराव्या वर्षी, यादीत नाव लागल्यावर कळले, तर सावरायला वर्ष जाते. मधली ही सहा वर्षे त्याच्या हाती द्यायची की नाही, एवढेच आपल्या हातात आहे.